सर्वानुमते दीड फेरा

मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही. वागिमानला तर नाहीच. त्याचा स्वतःच्या घड्याळावरसुद्धा विश्वास नाही. तरी सांगून टाकतो. काल सकाळी माझी स्कूटर डोंगरावरच्या कालिउरांगचा चढ चढून पार वर गेली. कुणी ढकलली नाही, कुणी ओढली नाही. इतकंच काय, मीही तिला काही केलं नाही. मी नुसता वर बसलो होतो, आणि उतरायची सोय असती तर उतरलोही असतो.

फावडी ठेवा खाली. गटार कुठे पळून जात नाही; ते वाहतच नाही म्हणून तर आपण रविवारचे इथे जमलोय. मुर्तीनी, सगळ्यांना चहा दे आणि तूही ओट्यावर बस. ऐकणारे हे सगळे असले तरी निकाल तुझ्या हातात आहे, आणि अकरा वाजता तो कॉफीवाला येतोय.

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो. शहरातल्या एका कॉफीच्या दुकानाचा मालक, वय फार तर अठ्ठावीस, डोक्यावर अंबाडा, माझी स्कूटर घ्यायला टपलाय. चालवायला नव्हे. भिंतीवर टांगायला. पुढचा दिवा काढून त्या भोकात तो एक वेल लावणार आहे. हे त्याने मला हसत हसत सांगितलं! एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची इटालियन स्कूटर. हिच्यावरून मी एकतीस वर्षं शाळेत जाऊन पोरांना पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून तर अजून सगळ्यांचा 'पाक गुरू', म्हणजे गुरुजी. हिच्यावरच ही मुर्तीनी नवी नवरी म्हणून, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, या गल्लीत आली. आणि या स्कूटरच्या डोळ्यात वेल! मी त्याला म्हटलं, "बरं." आपल्या जावाच्या माणसाचं हेच वाईट. मनात 'मर मेल्या' आलं तरी तोंडातून 'बरं' निघतं, आणि समोरचा ते होकारात धरून टेप घेऊन भिंत मोजायला जातो.

"टांगू दे की," मुर्तीनी तेव्हा म्हणाली. "भिंतीवर धूर तरी सोडणार नाही."

भांडण धुराचंच होतं. अंगणात हिचे तांदळाचे पापड वाळत असतात आणि मी बाजारातून येऊन स्कूटर नेमकी त्यांच्याशेजारी लावतो. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक बाई पापडांची पिशवी परत घेऊन आली. म्हणाली, "मुर्तीनीताई, पापड छान आहेत, पण तळताना बस आल्यासारखं वाटतं." त्या दिवसापासून घरात माझ्या ताटात पापड बंद झाला.

शेवटी हिने अट घातली. शनिवारी कालिउरांगला जाऊन यायचं. कुणी ढकलायचं नाही, कुणी ओढायचं नाही, कुणाच्या गाडीत घालायची नाही. गेली तर स्कूटर राहील आणि पापड मागच्या अंगणात जातील. नाही गेली तर रविवारी अकरा वाजता कॉफीवाला.

आता धूर का होतो? कार्बोरेटरच्या मागच्या अंगाला एक स्क्रू असतो, करंगळीच्या नखाएवढा. त्याला मिक्श्चरचा स्क्रू म्हणतात. आत फिरवला की पेट्रोल कमी, हवा जास्त. बाहेर फिरवला की पेट्रोल जास्त. पेट्रोल जास्त झालं की गाडी सुस्तावते, ढेकरा देते, धूर सोडते, प्लग काजळीने काळा होतो. कमी झालं तर उलटं: इंजिन तापतं, रेस सोडली तरी किंचाळतच राहतं, प्लग पांढराफटक पडतो. म्हणून स्क्रू आधी बुडापर्यंत आवळायचा आणि मग दीड फेरा सोडायचा. दीड. असं पुस्तकात आहे. पण पुस्तक इटलीत छापलं आणि स्कूटर आपल्या गल्लीत आहे, हे पुस्तकवाल्यांना कुठे ठाऊक?

शुक्रवारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो तर कुंपणावर हा वागिमान उगवला.

"पाक गुरू, पाव फेरा आत घ्या."

"का?"

"माझ्या मेव्हण्याच्या स्कूटरला पाव फेरा आतच लागायचा."

"लागायचा म्हणजे? आता कुठे आहे ती?"

"विकली ना. धूर फार करायची."

मान डोलावतोयस काय, वागिमान? हेच बोललास. मी तुझं ऐकलं नाही. मोजून दीड फेरा सोडला, आणि अंगणात उभ्या उभ्या ती अशी घुरघुरायला लागली की शेजारचं मांजर उठून बघायला आलं.

शनिवारी सातला निघालो. मुर्तीनीने दोन पिशव्या दिल्या, एकीत गोड चहा आणि दुसरीत तळलेलं सोयाबीनचं तेंपे. चहाची पिशवी रबर लावून भरली की ती कुठेतरी अडकवावी लागते. आपल्याकडे माणूस गाडी घेताना इंजिन नंतर बघतो, पिशवी कुठे अडकेल ते आधी बघतो. माझ्या स्कूटरला हूक नाही. पण सीटच्या खाली, पुढच्या बाजूला चोकची बोंडी आहे. थंडीत ती बाहेर ओढायची असते, म्हणजे इंजिनला सुरू होताना जास्तीचं पेट्रोल मिळतं, आणि गाडी सुरू झाली की आत ढकलायची. आपल्याकडे थंडी कुठली? म्हणून मी गेली कित्येक वर्षं ती बोंडी पिशव्यांसाठी वापरतो. बाजारातून येताना तर तीन-तीन पिशव्या.

हसताय कशाला? अजून काही झालेलं नाही.

पाकेम गावाच्या अलीकडे चढ लागला आणि स्कूटर ढेकरा द्यायला लागली. मागे धूर असा, की माझ्यामागचा सायकलवाला दिसेनासा झाला, फक्त त्याची घंटी ऐकू येत होती. मी म्हटलं, उंचावर हवा विरळ होते, मिश्रण आपोआप दाट होतं, तेव्हा स्क्रू पाव फेरा आत घेऊ. दोन मिनिटांचं काम. आणि मी थांबलो.

इथे चुकलो. स्कूटरवाल्याने रस्त्यात थांबायचं नसतं. मोटारसायकलवाला थांबला तर लोक समजतात फोन आलाय. स्कूटरवाला थांबला तर मागून येणारा प्रत्येक स्कूटरवाला थांबतो. ओळख लागत नाही, विचारायची पद्धत नाही, आणि 'नको' म्हणणं म्हणजे दारात आलेल्या भावाला हाकलणं. मी स्वतः लोकांसाठी थांबलोय. एकदा तर एक जण नुसता झाडामागे गेला होता. तो परत येईपर्यंत मी त्याचा प्लग काढून, घासून, परत बसवून ठेवला होता. आणि काल, माझं नशीब बघा, कालिउरांगला स्कूटरवाल्यांचा मेळावा होता. निम्म्या जावातल्या स्कूटरी त्याच रस्त्याने वर चालल्या होत्या.

पहिला थांबला दामार. विशी-बाविशीचा पोरगा, कानात हाडाचं कडं. त्याच्या स्कूटरला बांबूची साइडकार, साइडकारवर म्हशीची कवटी आणि कवटीच्या शिंगांवर वाळत घातलेली चड्डी.

"काका, काय होतंय?"

"काही नाही रे बाबा, पाव फेरा आत घेतोय."

"पाव? एवढा धूर आणि पाव?" असं म्हणत त्याने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर इतक्या नम्रपणे काढून घेतला, की मीच 'घे ना' म्हटलं. तो अर्धा फेरा आत घेतो न घेतो तोच दुसरी स्कूटर थांबली. हा तोंगाम, मूळचा सुमात्रातल्या मेदान शहरातला, आता इथे टायरचं दुकान आहे. या माणसाला हळू बोलता येत नाही. त्याने 'सलाम' म्हटलं आणि शेतातली बदकं उडाली.

"आत? चढावर आत? कुठल्या गाढवाने सांगितलं?"

"मी," दामार म्हणाला.

"मग बाहेर घे! एक फेरा बाहेर! माणूस चढ चढताना जास्त खातो की कमी?"

"अहो, पण धूर..." मी म्हणालो.

"तुम्ही बसा, काका! तुम्ही काळजी करू नका!" माझ्याच स्कूटरसाठी मला माझ्याच रुमालावर कडेला बसवण्यात आलं. पदार्थविज्ञानाची एकतीस वर्षं रुमालावर बसली होती आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

नऊपर्यंत तिथे एकोणीस स्कूटरी होत्या. दोन पक्ष पडले. आतवाले दामारच्या साइडकारकडे उभे, बाहेरवाले तोंगामकडे. प्रत्येक नवा माणूस आला की आधी हस्तांदोलन, मग सगळ्यांना हात लावून हात छातीला, मग स्क्रूला एक पाव फेरा, स्वतःच्या मताप्रमाणे. प्लग इतक्या वेळा काढला की तो गार व्हायलाच मिळेना. एक जण म्हणे काळा, दुसरा म्हणे पांढरा. तिसऱ्याने तो चाटून बघितला आणि म्हणाला, "थोडा खारट."

एवढ्यात त्या वाडीचे प्रमुख आले. पाक दालिजो. बाटिकचा शर्ट, काळी टोपी, सायकलच्या कॅरिअरवर जाड वही.

"काय चाललंय, मंडळी?"

"स्क्रू चाललाय," मी म्हणालो.

"छान. परवानगी?"

"कसली?"

"वीस माणसं जमली की वाडीला कळवावं लागतं."

मी पटकन मोजली. "आम्ही एकोणीसच आहोत."

"आता मी आलो ना," पाक दालिजो गोड हसून म्हणाले, आणि वही उघडली.

त्या वहीत नाव, गाव, ओळखपत्राचा आकडा, सही, आणि शेवटी एक रकाना: येण्याचे प्रयोजन. पहिल्याने लिहिलं 'स्क्रू'. खालच्या सतरांनी लिहिलं 'वरीलप्रमाणे'. मी शेवटी होतो. मी लिहिलं 'येथून निघणे'. पाक दालिजोंनी ते खोडलं. म्हणाले, यजमानाने असं लिहू नये, पाहुण्यांना वाईट वाटतं. म्हणजे मी यजमान!

मग समिती झाली. आपल्याकडे दोन माणसं एका छत्रीखाली उभी राहिली तरी समिती होते, हे मला मान्य आहे. पण रस्त्याच्या कडेला, एका स्क्रूसाठी? अध्यक्ष तोंगाम, कारण त्याला माईक लागत नव्हता. चिटणीस दामार, कारण त्याच्याकडे पेन होतं. खाण्यापिण्याच्या समितीत सहा जण, ती नेहमीच पहिली भरते. मी विचारलं, "मी कुठे?" तर पाक दालिजो म्हणाले, "पाक गुरू, तुम्ही नुकसानग्रस्त." मग त्यांनी चार शब्द बोलतो म्हणून सुरुवात केली. चार शब्दांत परस्परसहकार्य आलं, डासांची पैदास आली, वाडीचा अर्धवट राहिलेला पूल आला. स्क्रू आला नाही.

मी घड्याळ बघत होतो. साडेदहा. मुर्तीनीचा चेहरा डोळ्यासमोर येत होता, आणि त्याच्या मागे एक भिंत.

त्यानंतर विचारविनिमय. मतदान घ्या म्हटलं तर सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी स्क्रू दाताने फिरवा म्हणालो. मतदानात कुणीतरी हरतं. तेव्हा सर्वानुमतेच ठरलं पाहिजे. सोलो शहराहून आलेले एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "सगळे दीड म्हणतात ना? मग दीड."

"दीड!" आतवाले म्हणाले.

"दीड!" तोंगाम गरजला.

दामारने वहीत ठराव लिहिला: 'स्क्रू सर्वानुमते दीड फेरा फिरवण्यात यावा.' टाळ्या झाल्या. आत की बाहेर हे कुणी लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर सर्वानुमते राहिलं नसतं. आणि पेन ज्याच्या हातात होतं त्याच्याच हातात स्क्रूड्रायव्हर होता. सगळ्यांची उलटसुलट करून स्क्रू तेव्हा नेमका पुस्तकातल्या दीडवर येऊन थांबलेला. तिथून दामारने दीड फेरा आत घेतला. म्हणजे बुडापर्यंत. मी शाळेत बेरीज-वजाबाकी शिकवली नसली तरी एवढी मला येते. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांनी किक मारली.

आणि काय सांगू, स्कूटर सुरू झाली. धूर नाही, ढेकर नाही, एकसारखा गोड आवाज. वीस माणसं आनंदाने ओरडली. समूहाचा फोटो काढायचा ठरला, आणि सगळे फोटोत हवेत म्हणून तो काढायला फोन माझ्या हातात दिला. स्कूटर माझी, स्क्रू माझा, आणि फोटोत मी सोडून सगळे. त्या सोलोच्या म्हाताऱ्याने तर हँडलवर हात ठेवला होता.

"बसा, पाक गुरू! घ्या पहिला गिअर!" तोंगाम म्हणाला. मी बसलो. पहिला गिअर टाकला. त्याच क्षणी खाण्यापिण्याच्या समितीला आठवलं की चहा दोन जणांना कमी पडलाय.

"ही पिशवी कुणाची?" एकाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या पायांमधून हात घालून चहा, तेंपे सगळं बोंडीवरून काढून घेतलं. त्याचं कोपर बोंडीला लागलं. खट्.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळा प्रकाश पडला. पिशव्यांच्या वजनाने चोक ओढला गेला होता! म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून धूर. सकाळपासूनचा धूर, आणि खरं तर गेल्या कित्येक वर्षांचा बाजारातून येतानाचा धूर, मुर्तीनी, तुझ्या पापडांवरचा धूर, तो स्क्रूचा नव्हताच. तो तुझ्या भाजीचा होता. आणि आता चोक आत, स्क्रूही बुडापर्यंत आत. पेट्रोल जवळजवळ नाही, हवाच हवा.

स्कूटर किंचाळली. मी रेस पूर्ण सोडली, ती वाढली. मी किल्ली काढली. किल्ली माझ्या हातात आणि इंजिन चालूच. असं होतं, तापलेल्या इंजिनाला ठिणगीसुद्धा लागत नाही, शास्त्रात बसतं. क्लच दाबून ठेवायचा होता असं म्हणतोस, वागिमान? दाबून ठेवला असता तर इंजिन फुटून आकाशात गेलं असतं आणि आज हा गटारसफाईचा कार्यक्रम माझ्या मयताचा असता. मी क्लच सोडला, आणि आम्ही निघालो.

पाक दालिजो मागून वही हलवत ओरडत होते, "जाण्याची सही राहिली!"

पहिल्या वळणावर माझी टोपी गेली. दुसऱ्या वळणावर एक पर्यटकांची बस मागे पडली. आतले लोक खिडकीतून माझा फोटो काढत होते, म्हणजे शेवटी फोटोत मीही आलो. चढ जितका उभा, स्कूटर तितकी जोरात. मी तिला हात जोडून विनवलं. हात जोडले म्हणजे हँडल सोडलं होतं, हे लक्षात घ्या. तरी ती वळणं बरोबर घेत होती. तिला रस्ता माहीत होता, मुर्तीनीला घेऊन मी तिथे किती वेळा गेलोय.

मग पुढे एक टेम्पो आला, गाई घेऊन चाललेला. रस्ता अरुंद, पुढे जायला जागा नाही. सात किलोमीटर मी त्याच्या मागे, इतक्या जवळ, की मागची तांबडी गाय माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघत होती. मी तिला ओळखू शकेन, इतकं आम्ही बघितलं एकमेकांना. तिच्या डाव्या कानाला फाटलेली चीर होती. तिला माझी दया येत होती. एकदा तर तिने जीभ बाहेर काढून माझा गाल चाटला, हो, चालत्या टेम्पोतून चालत्या स्कूटरवरचा!

आणि मग वर, नऊशे मीटरवर, काय झालं असेल? सांगा, कुणी शाळेत लक्ष दिलं असेल तर. हवा विरळ! खाली जे मिश्रण फार पातळ होतं, ते वर विरळ हवेत अगदी बरोबर झालं. किंचाळणं थांबलं. स्कूटर घुरघुरली, हळू झाली, आणि मेळाव्याच्या कमानीखाली स्वतःहून उभी राहिली. मी उतरलो. एकाही माणसाने हात लावला नाही, एकाही माणसाने ढकलली नाही, कुणाच्या गाडीत घातली नाही. मुर्तीनी, अट पूर्ण. अकराला तो अंबाडेवाला आला की त्याला सांग, भिंतीला घड्याळ लाव.

"पाक गुरू," वाळूच्या ढिगामागून कुणीतरी म्हणालं.

कोण? अच्छा, गटाराच्या डागडुजीची वाळू घेऊन आलेला टेम्पोवाला. परजान ना तुझं नाव? तुझं काम झालंय, जा की बाबा.

"जातो. पण कानाला चीर होती ते बरोबर आहे, आणि गाय गाल चाटत होती तेही बरोबर आहे. फक्त तुम्ही मागे नव्हता. आत होता, गाईच्या गळ्याला धरून. त्या वाडीच्या पहिल्याच वळणावर इंजिन जाम झालं होतं ना, मीच स्कूटर आडवी करून टेम्पोत चढवली, वर गवत टाकलं. वहिनींना दिसू नये म्हणून गल्लीच्या कोपऱ्यावर उतरवायला तुम्हीच सांगितलं. आणि पाक गुरू, मी कालिउरांगला कशाला जाईन? मी गाई घेऊन खाली बाजाराला येत होतो."